गाडेकर वकील आणि दुसरी भाकरी

गाडेकर वकिलांकडून खरेदीखत करून घ्यायचं तर विकणाऱ्याला आधी जेवावं लागायचं. घेणारा उपाशी मेला तरी त्यांना सोयरसुतक नसे. विकणारा मात्र ऑफिसच्या मागच्या खोलीत पाटावर बसायचा. समोर ताटात पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. काळ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून खुद्द वकीलसाहेब चुलीपुढं भाकरी थापायचे. पहिली भाकरी वाढली की ते समोर उकिडवे बसून त्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहायचे. त्यानं आपणहून दुसरी मागितली तर म्हणायचे, "आना स्टँप पेपर." नाही मागितली तर म्हणायचे, "बघू. एक कागद कमी पडतोय." हा कमी पडणारा कागद कुठला, ते अख्ख्या श्रीरामपुरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मला हे आधी कळलं असतं तर मला घर विकणाऱ्या मार्थाबाईंना मी चांगलं कडकडीत उपाशी ठेवून मगच त्यांच्याकडं नेलं असतं. पण मी पडलो बदलीचा माणूस.

एस. टी. स्टँडवर मी कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे गाडीची वेळ लिहायची, शिट्टी मारायची आणि ज्यांची गाडी चुकली त्यांच्या शिव्या खायच्या. गाडी वेळेवर सुटली नाही तर मी फलाटावर येरझाऱ्या घालतो. घड्याळ बघितल्याशिवाय ह्यांना शिंकसुद्धा येत नाही, असं आमची सुमन माहेरी सांगत असते, आणि ते फारसं खोटं नाही. असा हा माणूस नेमका गाडेकर वकिलांच्या हाती सापडला. माझ्या हातून दिवसभर गाड्या सुटायच्या आणि संध्याकाळी मी ह्या न सुटणाऱ्या गाडेकरांपुढं जाऊन बसायचो. नशिबाला विनोद कळतो, एवढंच म्हणतो.

आम्ही तेव्हा पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत भाड्यानं राहत होतो. गिरणीचं पीठ भिंतीच्या फटींतून आत यायचं. अंथरुणावर पीठ, देवांवर पीठ. आमची धाकटी रांगायला लागली तेव्हा पिठात घोळलेल्या पुरणाच्या उंड्यासारखी दिसायची. सुमननं भरल्या तारुण्यात पांढरे केस बघून घेतले. तरी दिवस चालले होते. पण गणपती उठले आणि मालक म्हणाले की दिवाळी झाल्यावर थोरल्याचं लग्न आहे, खोली दिवाळीच्या आत मोकळी करा.

दरवर्षी दिवाळीला सुमनचा भाऊ राहुरीहून मुराळी म्हणून यायचा. आमच्याकडं सासुरवाशीण आपली आपण माहेरी जात नाही. माहेरचा कुणीतरी तिला न्यायला येतो, तो मुराळी. सुमननं मला शांतपणे सांगून टाकलं की दिवाळीचा पहिला दिवा स्वतःच्या घरात लागला तर ठीक, नाहीतर मुराळ्याबरोबर जी जाईन ती पोरांसकट तिकडंच राहीन. ती ओरडली असती तर मी तिकडं लक्ष दिलं नसतं. शांतपणे बोलली म्हणून मी घाबरलो.

घर मिळालंही चटकन. मार्थाबाई म्हणून मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका होत्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कारखान्यात. आता एकटी राहू नको, घर विकून इकडं ये, असा मुलाचा सारखा आग्रह. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, म्हणजे कागदी लिंबाचं. सुमननं दारात उभं राहून भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाला पीठ लागलं नाही, आणि व्यवहार ठरला. इसार दिला. आता उरलं फक्त खरेदीखत. "फक्त" हा शब्द मी तेव्हा फार भोळेपणानं वापरायचो.

वकील कोण गाठावा म्हणून ज्याला विचारावं तो एकच नाव घ्यायचा. "गाडेकर. काम एकदम पक्कं. फक्त..." आणि पुढं न बोलता हसायचा. मार्थाबाईंनाही तेच हवे होते. मला वाटलं, फी जास्त घेत असतील.

निवृत्तीराव गाडेकर पन्नाशीच्या पुढचे, सडेफटिंग. कोर्टात काळा कोट, खाली धोतर, डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा. शिकले पुण्याला, पण बोलणं अगदी आपल्या गावाकडचं. मी नमस्कार करून कोण ते सांगितलं, तर त्यांनी माझ्या कागदांकडं ढुंकूनही न बघता विचारलं, "सोनईची गाडी आली का?"

मी म्हटलं, आली, वेळेवर आली.

"कोन कोन उतरलं?"

मी म्हटलं, मी गाड्या मोजतो, माणसं मोजत नाही. ह्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "बसा."

पुढं मी रोज जायला लागलो तरी हा प्रश्न चुकला नाही. मी दारात दिसलो की आधी सोनईची गाडी. मला वाटायचं, कामाची टाळाटाळ करायची ही वकिली तऱ्हा आहे. दिवाळी तोंडावर आली, जरा लवकर होईल का, असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं. "जागा काय येष्टी हाय का, सुटायला?" आणि हे फारच मनाला लावून घेतलं असं दिसलं तर वर एक ठेवणीतलं वाक्य. "सही घाईत हुती, कंट्रोलर. पस्तावा सवडीनं हुतो."

त्यांचं कागद वाचणं हे एक व्रत होतं. मथळ्यावरच्या श्रीपासून सुरुवात करायचे आणि एकेका शब्दावर बोट ठेवत जायचे. मधे कुणी बोललं की बोट उचलून परत श्रीवर. एकदा जुनं खरेदीखत वाचता वाचता ते जवळजवळ तळाशी पोचले होते. मला आनंदानं ठसका लागला. त्यांनी मान वर केली, पाणी प्यायला दिलं, आणि बोट श्रीवर ठेवलं. त्यानंतर मी त्यांच्यापुढं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. तेवढ्यात पोस्टमन आला.

मग चतुःसीमा निघाल्या. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते खरेदीखतात लिहावं लागतं. कुठलाही शहाणा वकील जुन्या कागदावरून ते उतरवून घेतो. गाडेकर वकील स्वतः चारी दिशांना गेले, आणि प्रत्येक दिशेला चहा प्यायले. पूर्वेला रस्ता होता, तिथं कोपऱ्यावरच्या हॉटेलात प्यायले. पश्चिम आणि दक्षिण बिनतक्रार पार पडल्या. उत्तरेला रंगनाथ गवळी राहायचा आणि त्याच्या म्हशीचा खुंटा हद्दीच्या रेघेवर बरोबर ठोकलेला होता. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं.

रंगनाथ भला माणूस. खुंटा उपटतो म्हणाला. मी तर बाह्याच सारल्या. पण वकीलसाहेबांनी म्हशीभोवती एक फेरी मारली, तिच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "दिवस भरलेत हिचे. आत्ता जागा बदलली तर बिथरंल. व्यायल्यावर बघू."

"कधी व्यायची?"

"ते तिच्या मनावर हाय."

म्हणजे माझं घर एका म्हशीच्या बाळंतपणावर अडकलं. स्टँडवर ही बातमी पसरायला कितीसा वेळ? रोज सकाळी ड्रायव्हर-कंडक्टर शिट्टीच्या आधी विचारायचे, "साहेब, व्याली का?" मी चिडून म्हणायचो, नाही अजून. शेजारी उभ्या असलेल्या पॅसेंजरांना मागचा-पुढचा संदर्भ कुठला माहीत? नेवाशाकडच्या एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन बाळंतिणीला काय काय खायला घालायचं ते सांगितलं. आणि एका सकाळी रंगनाथ स्वतः सायकलवरून ओरडत आला, "व्याली, व्याली, रेडी झाली!" तेव्हा मी इतक्या मोठ्यांदा "सुटलो" म्हणालो की औरंगाबादच्या गाडीत बसलेल्या तिघांनी मला पेढे की बर्फी म्हणून विचारलं. संध्याकाळी आम्ही सगळे रंगनाथच्या अंगणात खरवस खात बसलो. वकीलसाहेबांनी म्हशीसमोर उभं राहून खुंट्याची नवी जागा सांगितली, रंगनाथनं खुंटा हलवला, म्हशीनं हरकत घेतली नाही. उत्तर दिशा मिळाली.

दसरा गेला. एके दिवशी मी गेलो तर टेबलावर खरेदीखताचा मसुदा तयार. मी अधाशासारखा वाचायला घेतला. लिहून घेणार मी, लिहून देणार मार्थाबाई, चतुःसीमा, म्हशीचा खुंटा वजा जाता. सगळं होतं. फक्त मधे एका ठिकाणी बोटभर जागा कोरी. "सदरचे खरेदीखत मी माझ्या" आणि मग कोरं, मग "अक्कलहुशारीने लिहून दिले आहे."

मी म्हटलं, "साहेब, इथं 'राजीखुशीने' राहिलंय. द्या पेन, मी लिहितो."

त्यांनी मसुदा अलगद माझ्या हातातून काढून घेतला. "राह्यलं न्हाई. ठिवलंय."

मग उलगडा झाला. हा शब्द सगळ्याच खरेदीखतांत असतो. राजीखुशीने व अक्कलहुशारीने. बाकीचे वकील तो छापून ठेवतात, वाचणाराही वाचत नाही. गाडेकर वकील तो खरा मानायचे. विकणारा राजीखुशीत आहे अशी स्वतःची खात्री झाल्याशिवाय तो शब्द त्यांच्या पेनातून उतरायचा नाही. आणि खात्रीची त्यांची परीक्षा एकच, दुसरी भाकरी. नाराज माणूस पहिली भाकरी लाजेकाजेस्तव खातो, दुसरी मागत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मार्थाबाई आत्तापर्यंत दोनदा जेवून गेल्या होत्या. दोन्ही वेळा अर्धी भाकरी ताटातच राहिली होती.

मी संतापलो. मार्थाबाईंनी स्वतः होय म्हटलंय, मुलाचा आग्रह आहे, इसार घेतलाय, मग ह्यांच्या पिठल्यात मीठ कमी असेल त्याला मी काय करू, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "सोनईची गाडी आली का?"

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या मी येते आणि बघते त्या वकिलाकडं. पण तिच्यावर सोडून कसं चालेल? मी सकाळीच मार्थाबाईंना गाठलं आणि हात जोडून सांगितलं की बाई, कृपा करा, आज दुसरी भाकरी मागा. सगळं त्या भाकरीवर अडलंय. बाई जन्मभर मुलांच्या मागण्या पुरवत आलेल्या. बरं, म्हणाल्या.

दुपारी मागच्या खोलीत आम्ही सगळे. मार्थाबाई पाटावर, वकीलसाहेब चुलीशी, मी दाराला टेकून, आणि सुमन कमरेला पदर खोचून भांडायच्या तयारीत. पहिली भाकरी संपली. मी बाईंना डोळ्यांनी खूण केली. बाई म्हणाल्या, "आणखी एक वाढा." मला टाळी वाजवावीशी वाटली. भाकरी ताटात पडली. बाई एकेक घास चावत होत्या, पाण्याबरोबर उतरवत होत्या. मी मनातल्या मनात प्रत्येक घासाला शिट्टी मारत होतो. शेवटचा तुकडा गेला.

वकीलसाहेब त्यांच्याकडं बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, ही भाकरी तुमी कुनासाठी खाल्ली?"

मार्थाबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. "ह्या कंट्रोलर साहेबांसाठी," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्याला पदर लावला.

मला वाटलं, संपलं. घर गेलं, दिवाळी गेली, सुमन राहुरीला गेली.

"घर विकायला माझी ना नाही," बाई म्हणाल्या. "पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे. मी जाणार. पण ह्यांची कबर इथं आहे. वर्षातून एकदा तरी यायची, फुलं ठेवायची. ते झालं की मग? परतीची गाडी मिळेपर्यंत बसू कुठं? एवढी वर्षं ह्या गावात राहिले, आता चपला कुणाच्या दारात काढू?"

स्टँडवर बाकडी आहेत, असं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाची कृपा, की ते मी गिळलं.

भांडायला आलेली सुमन त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तुमच्याच दारात काढायच्या," म्हणाली. "आणि गाडी चुकली तर राहायचं. गाड्या ह्यांच्याच हातात आहेत."

ह्यावर व्यवहार संपायला हरकत नव्हती. पण गाडेकर वकील उठले. "ताई, तोंडी बोलनं चांगलंच हाय. पर पुढच्या वर्षी बाई दारापत्तुर येतील आन् लाजून माघारी जातील. मानसाला वाटतं, आता आपला काय हक्क? त्याला कागद लागतो." असं म्हणून ते पिठाच्या हातानंच टेबलाशी गेले आणि भराभर लिहायला लागले. त्यांना भराभर काही करताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

ते कलम मला अजून पाठ आहे. "सदर घरी लिहून देणार हिने केव्हाही यावे, बसावे, पाणी प्यावे, जेवणवेळ असल्यास जेवावे, लिंबाच्या झाडाचे लिंबू मनास येईल तितके न्यावे, त्यास लिहून घेणार याने अथवा त्याच्या वारसांनी हरकत घेऊ नये." माझ्या बाजूनं सुमननं ताबडतोब मंजुरी दिली. माझं मत कुणी विचारलं नाही.

मार्थाबाईंनी ते दोनदा वाचलं. शाळेत वही तपासावी तसं एक वेलांटी दुरुस्त करून दिली. मग पाटावर परत बसल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, आता खरी भूक लागली."

तिसरी भाकरी! आणि वकीलसाहेबांच्या डब्यात पीठ उरलेलं नव्हतं. मी गिरणीकडं जी सायकल हाणली ती आजवर कुठल्या गाडीसाठी हाणली नसेन. त्या गिरणीमागं राहण्याचा मला झालेला हा एकुलता एक फायदा. बाईंनी तिसरी भाकरी चवीनं खाल्ली, वर चटणी मागून घेतली, आणि वकीलसाहेबांनी कोऱ्या जागेत तो शब्द लिहिला. राजीखुशीने.

रजिस्ट्रार कचेरीतल्या साहेबांनी ते कलम वाचून भुवया चढवल्या आणि विचारलं की ह्या पाण्याला आणि लिंबाला वेगळा स्टँप लागेल काय. "पान्याला स्टँप लागत न्हाई, साहेब," गाडेकर म्हणाले. सह्या झाल्या. मार्थाबाई पुण्याच्या गाडीत बसल्या, शिट्टी मीच मारली. वसुबारसेला आम्ही पिठातून उठून नव्या घरात आलो. पहिला दिवा सुमननं लिंबाच्या झाडाखाली लावला.

यंदा घर नवं म्हणून सुमननं भाऊबीजेला भावालाच इकडं बोलावलं होतं. तो दुपारच्या गाडीनं यायचा होता. तोपर्यंत वकीलसाहेबांना फराळ देऊन येऊ म्हणून सकाळी आम्ही दोघं निघालो. सणाचं ऑफिस बंद असेल, मागच्या दारानं जाऊ, असा विचार. पण ऑफिस उघडं होतं.

मागच्या खोलीत पाट मांडलेला होता. पाटाभोवती रांगोळी, तीही चारी बाजूंनी सरळ रेघा, चतुःसीमा आखल्यासारखी. समोर निरांजन, शेजारी घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. वकीलसाहेब आंघोळ करून, नवी टोपी घालून भिंतीशी बसले होते. पाटावर नव्हे, बाजूला.

"सोनईची गाडी आली का?" म्हणाले.

मी आलीच असेल म्हणालो. सुमननं एकदा पाटाकडं बघितलं, एकदा लुगड्याकडं, आणि विचारलं, "सोनईहून कोण यायचंय, वकीलसाहेब?"

मी एवढे दिवस रोज जात होतो, मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि हळूहळू सांगितलं. थोरली बहीण, गयाबाई. सोनईला दिलेली. आई लहानपणीच गेली, हिनंच त्यांना वाढवलं, भाकरी थापायला शिकवलं. वडील वारले त्याच वर्षी त्यांना वकिलीची सनद मिळाली, नवा कोट शिवला. चार लोक म्हणाले, पुढं भानगड नको, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घे. त्यांनी केलं. वकिलीतला पहिला कागद. एका सकाळीत लिहून काढला आणि तिच्यासमोर मोठ्या ऐटीत खड्या आवाजात वाचून दाखवला. माझ्या राजीखुशीने लिहून देते की, सदर घर व जमीन यांशी माझा कसलाही हक्क, संबंध राहिलेला नाही. तिनं अंगठा दिला आणि विचारलं, झालं? हे म्हणाले, झालं अक्का, आता कसला संबंध न्हाई.

"जेवायला बसली हुती," गाडेकर म्हणाले. "ताटात अर्धी भाकर तशीच राह्यली. मी बघितली हुती. म्हनलं, गाडीची घाई असंल."

त्यानंतर गयाबाई भावाच्या दारात आल्या नव्हत्या. भांडण नाही, तंटा नाही. सोनईकडच्या कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या होत्या, मी हक्क सोडलाय बाबा, आता कशी जाऊ? दरवर्षी भाऊबीजेला हे पाट मांडायचे आणि सोनईच्या गाडीची वाट बघायचे.

मी हातातला फराळाचा डबा पाटाशेजारी ठेवला. सुमननं मात्र सरळ विचारलं.

"तुम्ही मुराळी म्हणून कधी गेलात?"

वकीलसाहेब पुसलेला चष्माच परत पुसायला लागले.

"न्यायला आल्याशिवाय माहेरवाशीण येईल का? मी तरी गेले असते का?"

"कुठल्या तोंडानं जाऊ, ताई? हक्क मीच सोडवून घेतला."

"हेच घ्या की," सुमन म्हणाली. "सकाळीच धुतलंय."

मग मला माझं काम आठवलं. मी म्हटलं, "साहेब, सोनईहून गाडी येते तशी सोनईला जाते पण. रोज मीच सोडतो. उठा."

ते "बघू" म्हणाले. मी म्हटलं, बघू नाही. त्यांचा चष्मा सापडला तर कुलूप सापडेना. कुलूप सापडलं तर लुगडं आत राहिलं. सुमननं पळत घरी जाऊन पिशवीभर लिंबं तोडून आणली. आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा गाडीची वेळ होऊन गेली होती. सुटी माझी होती, पण फलाटावरच्या माणसाकडून मी शिट्टी हिसकावून घेतली. पॅसेंजर ओरडत होते, कंडक्टर दोरीला हात घालून माझ्याकडं बघत होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा गाडी रोखून धरली होती. वकीलसाहेब पायरीवर पाय ठेवून थांबले.

"कंट्रोलर, तिची राजीखुशी नसली तर?"

"जेवायला बसा," मी म्हटलं. "तिनं आपणहून दुसरी वाढली तर समजा."

त्या संध्याकाळच्या गाडीनं ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी प्रत्येक सोनईच्या गाडीतून कोण कोण उतरतं ते बघायला लागलो. तिसऱ्या दिवशी ते उतरले. एकटेच. कपाळावर पुसट झालेला कुंकवाचा टिळा तसाच ठेवलेला. येऊन माझ्या टेबलाशेजारी बसले.

ती अंगण झाडत होती, म्हणाले. हे दारात उभे राहिले तर तिनं वर बघितलं, केरसुणी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाली, "लई उशीर केलास रे, निवृत्ती."

हे वाक्य अख्खं श्रीरामपूर त्यांना वर्षानुवर्षं ऐकवत होतं. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांनी ते कधी मनावर घेतलेलं मी बघितलं नव्हतं. आज तेच वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि त्यांचा चष्मा काही केल्या कोरडा होत नव्हता. तुळशीच्या लग्नाला तिला आणायला जायचंय, सोनईची सकाळची गाडी किती वाजता, असंही विचारून झालं.

"मग, दुसरी वाढली का?" मी विचारलं.

"दुसरी?" ते हसले आणि बोटांवर भाकऱ्या मोजायला लागले. पहिल्या दिवसापासून, सावकाश, एकेका बोटावर थांबत. मधे कंडक्टरनं हाक मारली तशी गडबडले आणि परत पहिल्या बोटावर आले. राहुरीची गाडी शिट्टीची वाट बघत फलाटावर उभी होती. मी त्यांची मोजणी होईपर्यंत थांबलो.